धूर नंतर करा, आधी पिंप घासा

पावसाळा लागला की सल्ल्यांना ऊत येतो. कडुलिंबाचा पाला जाळा, कापूर ठेवा, मोबाईलवर डास पळवणारा आवाज लावा. ते आवाजाचं ॲप निव्वळ कुचकामी आहे. धुरानं डास घटकाभर बाजूला होतात आणि डोळे आपले चुरचुरतात. मुळात डेंगी, चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास चावतो दिवसा, सकाळी आणि दिवस कलताना जास्त. दिवेलागणीला तुम्ही धुपाटणं फिरवता तोवर त्याचं काम उरकलेलं असतं.

तो येतो कुठून, हे आधी समजून घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीकडे सरकायला लागली की अख्खं कोल्हापूर त्या आकड्याकडे डोळे लावून बसतं. एडिसला मात्र ना पुराचं वाहतं पाणी लागतं, ना रंकाळ्यासारखं तळं. त्याला तुमच्या मोरीतलं साठवलेलं स्वच्छ पाणी पुरतं. हा डास फार लांब उडतही नाही. चावला तो बहुतेक तुमच्याच घरचा, नाहीतर शेजारचा.

सोपी कामं एका सकाळी उरकतात. गच्चीवरच्या करवंट्या, फुटके डबे भंगारात घाला. पत्रा उडू नये म्हणून वर टायर ठेवलं असेल तर ते काढून दगड ठेवा. कुंडीखालच्या बशा काढूनच टाका. ताडपत्रीला पडलेली खोळ ओढून ताणा. फ्रिजमागचा ट्रे रिकामा करा, तिकडे कुणाचंच लक्ष नसतं. संडासाच्या टाकीच्या पाइपला वर बारीक जाळी बांधा. हंगाम संपला असेल तर गुऱ्हाळाची काहील पालथी घाला.

आता पिंप. सगळ्यांचं घोडं इथंच अडतं, माझंही बरेच दिवस अडलं होतं.

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, हे आरोग्य खात्याचं सांगणं बरोबर आहे. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून डास, हा सगळा प्रवास आपल्याकडच्या उबेत साधारण आठ-दहा दिवसांत होतो. सात दिवसांनी पाणी ओतलं की साखळी तुटते. पण लोक 'कोरडा' एवढंच ऐकतात. पिंप रिकामं करतात, उन्हात पालथं घालतात, संध्याकाळी पुन्हा भरतात आणि चार दिवसांत पाण्यात अळ्या वळवळायला लागतात. मग नळाच्या पाण्यातूनच अळ्या येतात म्हणून ओरड.

एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या ओल्या भिंतीला चिकटवते. काळे बारीक ठिपके, खसखशीहून लहान. पाणी ओतलं तरी ती जागची हलत नाहीत. सुकली तरी महिनोन्‌महिने तग धरतात, आणि पाणी पुन्हा तिथवर चढलं की फुटतात. म्हणून नुसतं वाळवून उपयोग शून्य. घासायलाच हवं.

घासायचं कसं? नळाला पाणी यायचं त्याच्या आदल्या रात्रीपासून एक पिंप उतरवत आणा. दोन पिंपं असतील तर या पाण्याला सकाळी एक, पुढच्या पाण्याला दुसरं, म्हणजे घरात पाण्याची बोंब होत नाही. फक्त कुठल्याही पिंपाला सातवा दिवस उलटू देऊ नका. तळाचं पाणी गटारात नको, कोरड्या मातीवर ओता, अळ्या तिथंच मरतात. पिंप आडवं करा आणि काथ्यानं किंवा राठ ब्रशनं आतून गोल घासा. तळ चकचकीत करत बसू नका, सगळा जोर वरच्या पट्ट्यावर हवा, जिथं पाण्याचा डाग दिसतो तिथं. काठाखालची खाच आणि झाकणाची आतली बाजू सोडू नका. मऊ फडकं फिरवून अंडी निघत नाहीत. मग खळखळून धुवा आणि भरा.

झाकण घट्ट बसत नसेल तर जुन्या धोतराचं दुहेरी कापड सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधा. कापड ताठ हवं, पाण्याला टेकलेलं नको. सिमेंटचा हौद दर आठवड्याला उपसणं जमत नाही, त्यात गप्पी मासे सोडा. आरोग्य खात्याचे कर्मचारी पाण्यात अबेट हे अळीनाशक टाकून गेले म्हणून घासणं सोडलंत तर फसाल, त्यानं अळ्या मरतात, भिंतीवरची अंडी शाबूत राहतात. गल्लीत धुराची गाडी येऊन गेली तरी तेच. उडते डास पडतात, पिंपातले नाहीत.

अंगाला लावायचं मलम, खिडक्यांना जाळ्या, पूर्ण बाह्यांचे कपडे हे सगळं चालू ठेवा. दुपारी बाळ झोपतं तेव्हाही मच्छरदाणी लावा.

एवढं करूनही ताप आला तर तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, रक्तस्राव वाढू शकतो. डेंगीची एनएसवन ही रक्ततपासणी पहिल्या चार-पाच दिवसांतच उपयोगी पडते, पपईच्या पाल्याच्या रसामागे धावताना ती चुकवू नका. डेंगीत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस जास्त जपायचे असतात. पोटात जोराचं दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, गळून गेल्यासारखी सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका, कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय नाहीतर जवळचं रुग्णालय गाठा. तापाच्या दिवसांत रोग्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, त्याला चावलेला डास पुढं घरातल्या बाकीच्यांना चावतो.