माळ्यावर म्हातारे झालेले बूट

सह्याद्रीत चार-पाच वर्षे प्रस्तरारोहण केलेला आणि हिमालयातला मूलभूत अभ्यासक्रम पूर्ण केलेला मुलगा जेव्हा पहिल्यांदा गोठलेल्या धबधब्यांवर चढाई करायला निघतो, तेव्हा तो आइस अ‍ॅक्सविषयी पन्नास प्रश्न विचारतो आणि बुटांविषयी एकच, तो म्हणजे स्वस्तात कुठे मिळतील. मीही तोच प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर मला नऊ हजार रुपयांत मिळाले आणि त्याची खरी किंमत मी पुढच्या जानेवारीत हिमाचलातल्या स्पितीमध्ये मोजली. क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे काटे) कसे बांधावेत किंवा फ्रंट पॉइंटवर, म्हणजे त्यांच्या पुढच्या काट्यांवर, उभे कसे राहावे हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून मी पुढचे लिहितो आहे.

ते बूट आमच्या संस्थेतल्या एका ज्येष्ठ दादांचे होते. जाड चामड्याचे, आत उष्णतारोधक अस्तर असलेले, पुढे आणि मागे क्रॅम्पॉनसाठी खाच असलेले युरोपीय बनावटीचे ते बूट दोन मोहिमांनंतर नऊ वर्षे त्यांच्या ठाण्याच्या घरात माळ्यावर मूळ खोक्यात पडून होते. चामड्याला कुठे चरा नव्हता आणि तळव्याच्या रबराची नक्षी जवळजवळ नवी होती. "दोनच मोहिमा झाल्यात, नवेच समज," असे दादा म्हणाले आणि ते खोटे बोलत नव्हते, कारण त्यांनाही ठाऊक नव्हते. वीस वर्षे डोंगर चढलेला माणूस सामानाविषयी जे सांगतो ते तपासायचे नसते, हा आपल्याकडच्या गिर्यारोहण संस्थांमधला अलिखित नियम आहे आणि तो मला आज अत्यंत घातक वाटतो. मला दोर हाताळायला ज्यांनी शिकवले त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण चढाई शिकवणारा गुरू आणि वस्तूंची पारख असलेला माणूस एकच असतो असे नाही.

स्पितीतल्या लिंगती खोऱ्यात एका सोप्या गोठलेल्या धबधब्यावर, वरून दोर लावलेला असताना, मी जमिनीपासून साधारण बारा मीटरवर होतो. उजवा पाय बर्फात मारला, तेव्हा नेहमीच्या टणक आवाजाऐवजी ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज आला. बर्फ पोकळ असेल असे समजून मी त्या पायावर वजन टाकले आणि बुटाचा अख्खा तळवा पंजाच्या बाजूने उघडला. क्रॅम्पॉन बर्फात रुतलेला, त्याला तळव्याचे रबर चिकटलेले आणि माझा पाय वरच्या चामड्यासकट त्यातून सुटलेला, असे ते दृश्य होते. दोर होता म्हणून मी नुसता झुललो; लीड करत, म्हणजे वरून दोर नसताना पहिला चढत असतो तर हा लेख लिहायला बहुधा नसतो. खाली आल्यावर पाहिले, तर चामडे आणि रबर यांच्यामधला थर बोटाने चुरडता येत होता, अगदी सादळलेल्या बिस्किटासारखा. उरलेला बूट चिकटपट्टी आणि दोरीने बांधून रस्त्यापर्यंत चालत येईस्तोवर दोन बोटांची संवेदना गेली होती. सोबत्याने गाडीत माझा पाय स्वतःच्या स्वेटरच्या आत पोटावर धरला, म्हणून ते हिमदंशाच्या अलीकडच्या पायरीवर थांबले. तरीही त्या बोटांचा बधिरपणा जायला पाच आठवडे लागले. गारठलेली बोटे चोळायची नसतात, आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर गोठलेला भाग वितळवायचाही नसतो, हे येथेच सांगून ठेवतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो आणि तो थोडा लांबवणार आहे, कारण मला हा एकच मुद्दा कोणीतरी आधी सांगायला हवा होता. बुटाचा तळवा म्हणजे नुसते खालचे रबर नव्हे. पाय ज्यावर टेकतो तो ताठ पट्टा आणि खालचे रबर यांच्यामध्ये धक्के शोषणारा एक थर असतो, ज्याला मिडसोल म्हणतात, आणि अनेक बुटांत तो पॉलियुरेथेनचा असतो. या पदार्थाचे पॉलिएस्टरवर आधारलेले प्रकार झिजेला उत्तम टिकतात, मात्र हवेतल्या बाष्पाने त्यांच्या रेणूंमधले बंध हळूहळू तुटत जातात. या क्रियेला जलविघटन म्हणतात. बंध तुटताना जे आम्ल तयार होते तेच पुढच्या विघटनाला वेग देते, त्यामुळे बरीच वर्षे बाहेरून काहीच दिसत नाही आणि मग एका हंगामात सारे संपते. म्हणजेच बुटाचे वय तुम्ही तो किती चाललात यावर ठरत नाही. ते तो कारखान्यातून निघाला त्या दिवसापासून मोजायचे असते. अशा मिडसोलचे आयुष्य सर्वसाधारणपणे ५ ते ८ वर्षे धरले जाते. त्यात उष्णता आणि दमटपणा यांनी क्रिया वेगवान होते, म्हणजे मुंबई, ठाणे किंवा कोकणातला माळा ही अशा बुटांसाठी शक्य तितकी वाईट जागा आहे. आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट अशी, की नियमित वापरलेला बूट पडून राहिलेल्या बुटापेक्षा अधिक टिकतो, असे उत्पादकच सांगतात. चालताना थर दबतो आणि त्यातला ओलावा बाहेर पडतो. आपण जपून ठेवतो म्हणजे नेमके काय करतो, याचा विचार मी तोवर केलाच नव्हता. पावसाळी ट्रेकमध्ये बुटांचे तळवे सुटून ते लेसने बांधून उतरणारे किती जण आपण पाहिले आहेत आणि किती हसलो आहोत! ते बहुतेक वेळा हेच असते.

म्हणून जुनी जोडी घेताना किंवा मनालीत भाड्याने घेताना निर्मितीचे वर्ष शोधा. ते अनेकदा जिभेच्या आतल्या चिठ्ठीवर असते किंवा तळव्यावर घड्याळाच्या तबकडीसारख्या छोट्या वर्तुळात उमटवलेले असते. मिडसोलच्या कडेवर अंगठ्याचे नख दाबून पाहा. खूण तशीच राहिली, भेगा दिसल्या किंवा चिकटपणा जाणवला, तर कोणी फुकट दिली तरी ती जोडी बर्फाच्या भिंतीवर नेऊ नका. नखाची परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे बूट निर्धोक, असे मात्र नाही. माझ्या बुटांनी ती बहुधा घेताना पार केली असती. वय दहाच्या पुढे असेल, तर मी परीक्षाच घेत नाही. जुन्या प्लॅस्टिकच्या दुहेरी (आतला बूट वेगळा निघणाऱ्या) बुटांविषयी "ते कधी मरत नाहीत" असे ठामपणे सांगणारे भेटतील. त्यांचे कवचही काळाने ठिसूळ होते आणि थंडीत, धडक बसल्यावर, पूर्वसूचना न देता तडकते.

हे वाचून घाबरू नका. योग्य वयाचा, योग्य मापाचा बूट अतिशय भरवशाचा असतो आणि भाड्याची चांगली जोडी मिळणे अशक्य नाही. पहिल्या हंगामासाठी विकत घेण्यापेक्षा भाड्यानेच घ्या, असे माझे मत आहे, कारण आपला पाय कोणत्या साच्यात बसतो हे दोन-तीन जोड्या वापरल्याशिवाय कळत नाही.

माप पाहण्यासाठी संध्याकाळी जा, जेव्हा पाय दिवसभराच्या वापराने थोडे सुजलेले असतात. जे मोजे डोंगरावर घालणार तेच घाला, बूट घट्ट बांधा आणि भिंतीला पंजाने जोरात लाथ मारा: बोटे पुढे आदळली तर तो बूट शंभर लाथांनंतर नखे काळी करणार. मग चवड्यांवर उभे राहा. टाच आत उचलली जात असेल तर फ्रंट पॉइंटवर पोटऱ्या दुप्पट थकतील. दोन नंबर मोठा बूट घेऊन त्यात दोन जाड मोजे भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तो मुळीच पटत नाही. बोटे गार पडण्याचे कारण पुष्कळदा अस्तर पातळ असणे हे नसते, तर घट्ट आवळलेल्या लेसमुळे किंवा कोंबलेल्या मोज्यांमुळे रक्त न पोहोचणे हे असते.

एकेरी की दुहेरी हा प्रश्न मुक्कामावरून सोडवा. काझ्यात, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावात, घरी झोपून दिवसभर चढाई करायची असेल, तर उष्णतारोधक अस्तराचा एकेरी, पूर्ण ताठ तळव्याचा बूट पुरतो. सहा हजार मीटरच्या शिखरावर तंबूत अनेक रात्री काढायच्या असतील, तर आतला बूट वेगळा निघणारा हवाच, कारण दिवसभराचा घाम अस्तरात मुरतो आणि तो आतला बूट रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन सुकवता येतो. एकेरी बुटाचे अस्तर असे सुकत नाही आणि रात्री बाहेर राहिले तर सकाळी ते बर्फासारखे कडक मिळते. बुखारीजवळ (खोली गरम करणाऱ्या शेगडीजवळ) बूट सुकवण्याचा मोह मात्र टाळा, कारण त्या उष्णतेने गोंद सैल होतो आणि चामडे तडकते. मी काझ्यात एका रात्रीत एका सोबत्याच्या नव्या बुटाच्या टाचेकडचा रबरी पट्टा सुटलेला पाहिला आहे.

टिकाऊपणाची बाकी कथा छोटी आहे. सर्वाधिक इजा आपल्याच दुसऱ्या पायाच्या क्रॅम्पॉनमुळे घोट्याच्या आतल्या बाजूला होते, म्हणून तेथे रबराचे किंवा जाड कापडाचे आवरण असलेला बूट निवडा. तळवा बदलायची वेळ आली तर कोपऱ्यावरच्या कारागिराकडे देऊ नका. तो सोल्यूशन उत्तम लावेल, पण पुढची कड सफाईसाठी दोन मिलिमीटर घासून टाकेल आणि मग क्रॅम्पॉनची पुढची तार त्या खाचेत बसणार नाही; बसल्यासारखी वाटली, तर ते अधिक वाईट.

माझी सध्याची जोडी माळ्यावर नाही. ती दिवाणखान्यातल्या कपाटात, झाकण नसलेल्या टोपलीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते आणि जून ते सप्टेंबर दर रविवारी ती घालून मी इमारतीचे जिने चढतो-उतरतो. आई याला अजून हसते. जिभेच्या आत मी मार्करने निर्मितीचे वर्ष लिहिले आहे आणि त्याखाली, आठ वर्षांनंतरचे, दुसरे वर्ष.