शनिवारी फॉरमॅटर चालवण्याआधी

शुक्रवारी घणसोलीहून ठाणे लोकल पकडायच्या घाईत कुणीही ब्रांच (कोडची आपापली वेगळी प्रत) अर्धवट सोडून निघू नका. सगळं मुख्य कोडमध्ये मर्ज झालं तरच शनिवारी जुन्या कोडवर फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं टूल, चालेल. नाहीतर सोमवारी नुसत्या स्पेसवरून कॉन्फ्लिक्ट येतील आणि ते निस्तरायला परत मीच बसेन.

नियमांवर वाद नको. पायथनसाठी २००१ सालचं पेप ८, म्हणजे कोड कसा मांडायचा याची नियमावली, आहेच. =, ==, + यांच्या दोन्ही बाजूंना एकेक स्पेस, ऋण आकड्याचं उणे आकड्याला चिकटून. दर = 18, पण फंक्शन बोलावताना बिल(दर=18). फंक्शनच्या व्याख्येत टाइप लिहून डिफॉल्ट दिलात, तर मात्र स्पेस परत येते. गो भाषेत ठरवायला काही उरतच नाही, तिचा फॉरमॅटर गोएफएमटी अ*ब + क असं करून मोकळं होतं. गुणाकार जवळ, बेरीज लांब. मला वाचायला हेच सोपं जातं, पण आपल्या ब्लॅकपुढे, म्हणजे पायथनच्या फॉरमॅटरपुढे, माझं चालत नाही.

आता खरं काम. स्पेसने अर्थच बदलतो अशा फाइली आधी बाजूला काढा. शेल स्क्रिप्ट सगळ्यात आधी. तिथे व्हेरिएबलला किंमत देताना =च्या आधी स्पेस पडली, की शेल त्या नावाची कमांड शोधत सुटतं. उलट, चौकटी कंसातल्या तुलनेत =च्या दोन्ही बाजूंची स्पेस गेली, तर ती अट कायम खरी ठरते, आणि एरर तर येतच नाही. मी एकदा अख्ख्या फोल्डरवर फाइंड-रिप्लेस मारून = 'सुंदर' केले होते. पायथन छान दिसलं, रात्रीचं बॅकअप मात्र झालंच नाही. त्यामुळे फाइंड-रिप्लेस बंद.

आर भाषेतल्या फाइली हाताने बघा. if मधली ही अट धरा: क<-5. लिहिणाऱ्याच्या मनात 'क उणे पाचपेक्षा लहान' असतं, आर क मध्ये ५ भरतं. सीमध्ये भागाकाराच्या / ला पॉइंटरचा तारा (*) चिकटला, की /* होऊन पुढचं सगळं कॉमेंट. सीएसएसच्या कॅल्कमध्ये + आणि - भोवती स्पेस हवीच.

फॉरमॅटरचा कमिट वेगळा ठेवा, त्यात एकही बग दुरुस्त करू नका. त्याचा हॅश (कमिटचा ओळख क्रमांक) गिट ब्लेमच्या, म्हणजे कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडच्या, वगळायच्या यादीत टाका, गिट २.२३ पासून ती सोय आहे. मग गिट डिफला (बदल दाखवणारी कमांड) डब्ल्यूचा पर्याय (-w) द्या. स्पेसचे बदल गळून जे उरेल, तेवढं दोघांनी मिळून ओळ न ओळ वाचा.