लंगोटापासून लसीच्या कार्डापर्यंत : बाळाच्या कामांत वडिलांचा वाटा

तान्ह्या बाळाच्या कामांत वडिलांनी वाटा उचलावा, हे आता पुष्कळ घरांत मान्य होते. अडते ते तो वाटा नेमका कसा उचलायचा येथे. सांगितल्यावर दुपटे आणून देणे, बाळ रडू लागले की आईकडे सोपवणे आणि शी झाली की तिला हाक मारणे, एवढ्याने तिचे ओझे कमी होत नाही, कारण काय करायचे, केव्हा करायचे आणि घरात काय संपत आले आहे, हे सगळे लक्षात ठेवण्याचे काम तिच्याकडेच राहते. वडिलांनी हवी तर थोडीच कामे घ्यावीत, पण घेतलेले काम सामान आणण्यापासून आवराआवर करण्यापर्यंत पूर्णपणे आपल्याकडे ठेवावे. सुरुवातीला त्यासाठी लंगोट किंवा डायपर बदलण्याचे काम सर्वांत योग्य ठरते. ते दिवसातून आठ-दहा वेळा करावे लागते, त्यामुळे हात लवकर बसतो, आणि अंगावर पाजण्याखेरीज बाळाचे असे एकही काम नाही की जे वडिलांना करता येणार नाही.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. नाशिकमध्ये नोकरी करणाऱ्या वडिलांचे बाळ त्यामुळे पहिला सव्वा महिना, कधी तीन महिनेही, सिन्नर, येवला किंवा मालेगावला आजोळी राहते, आणि ते घरी येते तेव्हा आईचा हात पूर्ण बसलेला असतो, तर वडिलांनी बाळाला नीट उचललेलेही नसते. हे अंतर आधीच ओळखून सुट्टीच्या दिवशी सासुरवाडीला गेल्यावर पाहुणचार बाजूला ठेवावा आणि सासूबाईंना सरळ सांगावे, "आई, आज दिवसभर लंगोट मी बदलतो, चुकले तर सांगा." जावयाने असे म्हटल्यावर प्रथम संकोच होईल, परंतु बहुतेक सासूबाई आनंदाने शिकवतात आणि त्यांच्याइतका अनुभवी शिक्षक दुसरा मिळणे कठीण.

रजेचा विचारही याच दृष्टीने करावा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पहिल्या दोन अपत्यांसाठी १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घेता येते. सातपूर-अंबडच्या खासगी कारखान्यांत काम करणाऱ्यांना मात्र अशी रजा देणे कायद्याने बंधनकारक नाही, म्हणून त्यांनी साठलेली हक्काची रजा राखून ठेवावी. बारशाला घर माणसांनी भरलेले असते, तेव्हा सगळी रजा संपवण्यात अर्थ नाही. पत्नी माहेरून परतल्यानंतरचा आठवडा खरा कसोटीचा असतो, आणि माझ्या मते निम्मी तरी रजा त्या आठवड्यासाठी ठेवली पाहिजे.

आता प्रत्यक्ष काम. बाळाला खाली ठेवण्यापूर्वी सर्व वस्तू हाताशी घ्याव्यात : कोमट पाण्याचे भांडे, कापूस किंवा मऊ सुती फडके, अंग टिपायला कोरडे कापड, स्वच्छ लंगोट किंवा डायपर, आणि घाण टाकण्यासाठी जुने वर्तमानपत्र. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर मेणकापड आणि त्यावर दुपटे अंथरावे, कारण जमिनीवरून बाळ पडत नाही. पलंगावरच बदलायचे असेल, तर एक हात सतत बाळाच्या अंगावर ठेवावा; काहीतरी विसरले म्हणून दोन पावलेसुद्धा दूर जाऊ नये. हात साबणाने धुऊन घ्यावेत.

डायपर उघडल्यावर त्याच्याच पुढच्या स्वच्छ भागाने बरीचशी शी पुसून घ्यावी आणि तो बाळाखाली घडी करून ठेवावा. पाय वर ओढून कंबर उंच उचलण्यापेक्षा बाळाला हळूच कुशीवर वळवून मागची बाजू पुसणे अगदी लहान बाळासाठी अधिक चांगले. मुलगी असेल तर नेहमी पुढून मागे पुसावे, म्हणजे शीचा संसर्ग मूत्रमार्गाकडे जात नाही. मुलगा असेल तर शिश्नावरची त्वचा मागे ओढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. ती लहानपणी चिकटलेलीच असते आणि वरून पुसणे पुरेसे होते. मांड्यांच्या घड्यांत शी राहून जाते, म्हणून तेथे आवर्जून पाहावे. पुसून झाल्यावर कोरड्या कापडाने टिपून घ्यावे, घासू नये, आणि हवामान उबदार असेल तर काही मिनिटे बाळाला तसेच मोकळे राहू द्यावे. पावडर लावू नये, कारण तिचे कण श्वासावाटे बाळाच्या छातीत जातात.

नवे डायपर बांधताना पोट आणि पट्टी यांच्यामध्ये दोन बोटे सहज जातील इतकी सैल जागा हवी आणि मांड्यांभोवतीची झालर बाहेर काढलेली हवी. ती आत दुमडली गेली की हमखास गळते. मुलाचे शिश्न खालच्या दिशेला ठेवावे, नाहीतर पोटाकडची बाजू भिजते. नाळ साधारण एक ते तीन आठवड्यांत पडते. तोपर्यंत डायपरची वरची कड बेंबीच्या खाली दुमडावी, म्हणजे नाळ कोरडी राहते. तिला तेल, हळद किंवा इतर काहीही लावू नये. भोवतीची त्वचा लाल झाली, पू आला किंवा दुर्गंधी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

जो लंगोट बदलतो त्यालाच बाळाची तब्येत सर्वांत आधी कळते, आणि म्हणून या कामाला मी कमी दर्जाचे मानत नाही. पहिले एक-दोन दिवस शी काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते, मग ती हिरवट होत जाऊन चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी आणि पातळ होते. अंगावर पिणारे बाळ प्रत्येक पाजण्यानंतर शी करू शकते, आणि महिना-दीड महिन्यानंतर एखादे बाळ तीन-चार दिवस शी करत नाही; बाळ नीट पीत असेल आणि शी मऊ असेल, तर त्यात घाबरण्यासारखे काही नसते. सहाव्या दिवसानंतर दिवसरात्रीत किमान सहा वेळा शू झाली, तर बाळाला दूध पुरत असल्याचे ते चांगले लक्षण आहे. शी पांढुरकी किंवा मातकट असेल, तिच्यात रक्त दिसले किंवा पहिल्या दिवसांनंतर ती पुन्हा काळी होऊ लागली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. पांढुरकी शी यकृताच्या गंभीर आजारामुळे होऊ शकते आणि तेथे प्रत्येक आठवडा महत्त्वाचा असतो.

कापडी लंगोट की डायपर, या वादात फार वेळ घालवू नये. घरी दिवसा जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे लंगोट आणि रात्री व प्रवासात डायपर, ही बहुतेक घरांना परवडणारी आणि बाळाच्या त्वचेला मानवणारी विभागणी आहे. लंगोटात शू लगेच दिसते, त्यामुळे पहिल्या आठवड्यांत मोजदादही सोपी जाते. फक्त लंगोट वडिलांनी बदलायचे आणि बादली आईने किंवा आजीने धुवायची, असे होऊ देऊ नये. शीचा लंगोट आधी थंड पाण्यात खळबळावा, मग गरम पाण्यात सौम्य साबणाने धुऊन दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावा आणि उन्हात वाळवावा. पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात, तेव्हा जास्त लंगोट शिवून घ्यावेत आणि इस्त्री करून पूर्ण कोरडे झाल्यावरच वापरावेत. वापरलेल्या डायपरमधील शी शौचालयात टाकून, डायपर गुंडाळून, वर्तमानपत्रात बांधून घंटागाडीत वेगळे द्यावे. ते शौचालयात टाकल्यास नळी तुंबते, आणि गोदावरीच्या किंवा नासर्डीच्या काठी टाकलेले डायपर वर्षानुवर्षे कुजत नाही.

त्वचा लाल झाली, तर बदलण्यातले अंतर कमी करावे, प्रत्येक वेळी साध्या पाण्याने पुसून मोकळे ठेवावे आणि झिंक ऑक्साइड असलेल्या मलमाचा जाडसर थर द्यावा. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, किंवा घड्यांमध्ये लालभडक होऊन भोवती बारीक पुरळ उठले, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमे येथे नुकसान करतात, बालरोगतज्ज्ञांनाच विचारावे.

रात्रीची विभागणी कामाच्या पाळीनुसार ठरवावी. दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री घरी येणाऱ्या वडिलांनी तेव्हाचे बदलणे आपल्याकडे घ्यावे. तिसऱ्या पाळीवाल्यांनी सकाळी घरी आल्यावर दोन तास बाळ सांभाळावे आणि त्या वेळात आईला झोपू द्यावे. जे दिवसपाळीला आहेत त्यांच्यासाठी सोपी पद्धत अशी की, बाळ जागे झाले की वडिलांनी उठून लंगोट बदलावा, मग ते आईजवळ द्यावे, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावा आणि परत निजवावे. आई त्यामुळे अंथरुणातून उठतही नाही. बाळाला पाठीवरच झोपवावे आणि डोक्याखाली मोहरीची उशी किंवा तोंडाजवळ मऊ गोधडी ठेवू नये. नाशिकची डिसेंबर-जानेवारीची थंडी कडक असते, निफाडकडे तर पारा एक अंकी आकड्यावर येतो. अशा रात्री कोमट पाणी थर्मासमध्ये भरून ठेवावे आणि बाळाचे वरचे अंग झाकूनच लंगोट बदलावा. खोली गरम करण्यासाठी दारे बंद करून कोळशाची शेगडी पेटवणे मात्र जीवघेणे ठरू शकते, आणि धुरीही टाळावी.

घरातील वडीलधाऱ्यांना हे सर्व पटेलच असे नाही. "बापाने शी काढायची का?" असे आजी म्हणाली, तर उत्तर मुलाने द्यावे, सुनेवर ते सोपवू नये, कारण तिने काही म्हटले की ते उद्धट वाटते आणि मुलाने म्हटले की ते ऐकून घेतले जाते. "आई, हे काम मी घेतले आहे, तुम्ही फक्त बघा," इतके पुरे असते. पत्नीनेही थोडा संयम ठेवावा. लंगोटाची गाठ तिच्यापेक्षा वेगळी बसली, तरी बाळ कोरडे आणि सुरक्षित असेल तर टोकू नये, आणि दिवसातून एक तास तिने दुसऱ्या खोलीत किंवा घराबाहेर जावे. पाठीमागून सूचना येत असतील, तर वडिलांना बाळाचे रडणे ओळखण्याची सवय लागत नाही.

शेवटचे काम लसीकरणाचे. माता-बाल संरक्षण कार्ड वडिलांनी आपल्याकडे ठेवावे. जन्माच्या वेळी बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस-बी, नंतर ६, १० आणि १४ आठवड्यांना पुढचे डोस, आणि ९ महिन्यांनंतर गोवर-रुबेला, या तारखा फोनमध्ये घालून त्या दिवशीची सुट्टी आधीच मागून घ्यावी. लसीनंतर येणाऱ्या तापासाठी कोणते औषध किती द्यायचे, हे तेथेच डॉक्टरांकडून बाळाच्या वजनानुसार लिहून घ्यावे. एरवी तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, ते पीत नसेल, सुस्त पडले असेल किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालय गाठावे; रात्री वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि निघताना कार्ड बरोबर घ्यावे.