चिमणीवाला फिल्टर धुऊन निघाला, तर थांबवा

बडोद्यात दिवाळीच्या तोंडावर स्वयंपाकघरातली चिमणी साफ करणारा माणूस हाताला लागत नाही, म्हणून नवरात्रीच्या आधीच बोलवून घ्या. ऑटोक्लीनवर, म्हणजे चिमणीच्या आपोआप सफाईच्या बटणावर, विसंबू नका. त्यात ब्लोअरचं (धूर ओढणाऱ्या पंख्याचं) तेल खालच्या वाटीत उतरतं, डक्ट (धूर बाहेर नेणारा पाइप) तशीच राहते.

काम सुरू होण्याआधी प्लग काढायचा, शेगडीवर जुनी चादर टाकायची. ब्लोअर बाहेर काढूनच साफ करायला सांगा. पात्यांवर चिकट थर कमी-जास्त बसला की चाक डगमगतं, घरघर सुरू होते, पुढे बेअरिंग जातं. कॉस्टिक सोड्याचं पाणी स्टीलच्या बॅफल (पट्ट्यांच्या) फिल्टरला चालतं. अ‍ॅल्युमिनियमची जाळी मात्र त्यात काळी पडते, झिजते.

खरी तपासणी डक्टची. चिमणीच्या माथ्यावर, पाइप जोडतात तिथे बहुतेक मॉडेलमध्ये एक झडप असते. ती तेलाने चिकटली की मोटर जोरात फिरते आणि धूर घरातच राहतो. बोटाने ढकलून बघा, सहज उघड-मीट झाली पाहिजे. ६ इंची तोंडाला कुणी ४ इंची पाइप जोडून दिला असेल तर तो बदलाच, नाहीतर महागडी मोटरही फुकट. बाहेरच्या जाळीत कबुतरांनी काड्या कोंबलेल्या असतात, त्याही काढून घ्या. शेगडीवर भडका उडाला तर डक्टमधली चिकटण पेट घेते, हे साफ करणारे क्वचितच सांगतात.

पैसे देण्याआधी चिमणी पूर्ण वेगावर लावा आणि फिल्टरखाली टिश्यू पेपर धरा. हात सोडल्यावर तो वर चिकटून राहिला पाहिजे.