संकष्टीची आठवण आदल्या रात्री

सकाळी पोह्यांची बशी रिकामी झाल्यावर कुणीतरी म्हणतं, "अगं, आज संकष्टी ना?" आमच्याकडे हे दोनदा झालं.

आता नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की दहा मिनिटं बसून एवढं करते:

१. वर्षभरातल्या सगळ्या संकष्ट्या मोबाईलमध्ये टाकायच्या. एरवी १२, अधिक मास आला की एखादी वाढते.

२. आठवण लावायची ती आदल्या रात्री ८ ची. मजकूर एकच, "साबुदाणा भिजव". सकाळी भिजवलेल्याची खिचडी हमखास गोळा होते.

३. नोंदीतच चंद्रोदयाची वेळ लिहायची, पण पुण्याची. कॅलेंडरच्या पानावरची वेळ बहुधा मुंबईची असते. आपल्याकडे चंद्र तीन-चार मिनिटं आधीच उगवतो. भुकेल्या पोटी तेवढीही पुष्कळ वाटतात! मागच्या पानावर गावांचा तक्ता असेल तर तोच पाहावा.

फक्त 'दर महिन्याला पुन्हा' हा पर्याय लावू नका. दोन संकष्ट्यांत साधारण २९-३० दिवस जातात, त्यामुळे तारीख सरकत राहते. शिवाय चंद्रोदयाला चतुर्थी असेल तो दिवस धरतात, म्हणून सकाळी तृतीया दिसली तरी गोंधळू नका.