कोयनेचं पत्रक वाचून नदीवरची मोटार कधी काढायची

कृष्णाकाठी ज्याची पाणी उपसायची मोटार आहे, त्याचा पावसाळा कोयना धरणाच्या रोजच्या पत्रकानं सुरू होतो. सकाळ झाली की ते गावातल्या प्रत्येक ग्रुपवर येऊन पडतं: पाणीपातळी, साठा, आवक (धरणात येणारं पाणी), विसर्ग (धरणातून सोडलेलं पाणी) आणि कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर इथला पाऊस. आमच्या सांगलीच्या वरच्या भिलवडीच्या बाजूला बहुतेक जण त्यातला एकच आकडा बघतात, धरण किती टक्के भरलं तो. त्या एका आकड्यावर मोटार काढायची की ठेवायची हे ठरवू नका, असं मी भेटेल त्याला सांगत असतो. यंदा पोरांनी धरूनच बसवलं, म्हणून नीट लिहून काढतोय.

पत्रक कळायचं तर आधी नदी कळली पाहिजे. कोयना आणि कृष्णा दोघींचा उगम महाबळेश्वरच्या पठारावर. कृष्णा पूर्वेला उतरून वाईकडे येते. कोयना मात्र डोंगराच्या मागच्या अंगानं, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला धरून, साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते. वाटेत सोळशी आणि कांदाटी तिच्यात उतरतात. हेळवाकला ती एकदम पूर्वेला वळते, पाटणला केरा घेते, पुढं मोरणा, वांग घेते आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भेटते. धरण आहे ते हेळवाकच्या वळणाच्या थोडं वर. म्हणजे दोन डोंगररांगांच्या मधली अरुंद दरी तिथं अडवलीय. म्हणून शिवसागर जलाशय रुंदीला कमी आणि लांबीला एवढा, की तापोळा-बामणोलीची माणसं आजही लाँचनं ये-जा करतात. या दरीत जावळी-पाटणमधली कितीतरी गावं बुडाली, त्यांची माणसं सोलापूर-ठाण्यापर्यंत पांगली. आपल्या उसाला जे पाणी मिळतं ते त्यांच्या घरांवरून आलेलं आहे, हे काठावरच्या प्रत्येकानं मनात ठेवावं.

यातून पहिली गोष्ट निघते. पत्रकातला विसर्ग हा फक्त धरणाचा असतो. केरा, मोरणा, वांग या धरणाच्या खाली मिळतात, त्यांचं पाणी त्यात धरलेलं नसतं. पाटण खोऱ्यात रात्रभर कोसळला असेल तर धरणाचा एकही दरवाजा न उघडता कऱ्हाडला नदी दुथडी भरते. शिवाय वरून कृष्णेचं स्वतःचं पाणी येतं, धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी या धरणांचं. म्हणून कोयनेच्या आकड्याशेजारी या चारांचा विसर्ग लिहायचा आणि बेरीज करायची.

दुसरी गोष्ट, विसर्गाच्या रकान्यात दोन वाटा असतात. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या पायथा वीजगृहातून सोडलेलं पाणी नदीत, म्हणजे आपल्याकडं येतं. दोन्ही युनिट चालू असली तर २१०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट. त्यानं मोटारीला काही होत नाही. पोफळीकडं वीजनिर्मितीला जाणारं पाणी मात्र बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडं उतरतं, वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूणवरून अरबी समुद्रात जातं. चार टप्पे मिळून १९२० मेगावॅट वीज त्यावर होते आणि कृष्णा पाणीवाटप लवादानं त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातलीय. ते पाणी कृष्णेत येत नाही, पुराच्या हिशोबात धरू नका.

आपल्याला बघायचे ते सहा वक्र दरवाजे. साठा सत्तर टीएमसीच्या पुढं जाऊन पाणी सांडव्याला लागेपर्यंत या दरवाजांतून काही सोडताच येत नाही. त्यामुळे ‘आत्ताच सोडून का ठेवत नाहीत’ असं जूनमध्ये कुणी तावातावानं बोलू लागला, तर त्याला हे शांतपणे सांगा.

आता गणित. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ११,५७४ क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. एवढं एक पाठ केलं की पुढचं सगळं जमतं. समजा पत्रकात आवक ६०,००० क्युसेक आहे आणि विसर्ग २०,०००. धरणात रोज ४०,००० क्युसेक साठतंय, म्हणजे साधारण साडेतीन टीएमसी. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. साठा ८५ असेल तर वीस शिल्लक, म्हणजे असाच पाऊस राहिला तर जेमतेम सहा दिवस. आणि धरणावरची माणसं काठोकाठ भरेपर्यंत थांबत नाहीत, थांबूही नये. कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची याचं त्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. म्हणून तारीख बघा. ८५ टीएमसी १० सप्टेंबरला असेल तर ती चांगली बातमी आहे. तोच साठा २० जुलैला असेल तर अख्खा ऑगस्ट डोक्यावर आहे, विसर्ग वाढणार हे धरून चाला.

पावसाचे तीन आकडे उद्याची आवक सांगतात. नवजाला आणि महाबळेश्वरला दिवसात दोन-अडीचशे मिलिमीटर झाला तर आवक त्याच दिवशी चढते. आपल्या अंगणात ऊन पडलंय म्हणून निवांत राहू नका. तिकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटर पडतो आणि इकडं आटपाडी-जतला पाचशे पडायची मारामार, एकाच नदीच्या खोऱ्यात.

धरणातून निघालेलं पाणी लगेच आपल्या दारात येत नाही. आधी कऱ्हाड, मग बहे, मग भिलवडी, मग सांगलीचा आयर्विन पूल. मी कऱ्हाडच्या कृष्णा पुलाची आणि बह्याची पातळी तासातासाला वहीत उतरवतो. बह्याला पाणी चढायचं थांबलं की आमच्याकडं काही तासांनी थांबतं, हे दर पुराला दिसलंय. तुमच्या गावच्या वरचं ठिकाण कोणतं ते ठरवा आणि दोन-तीन पावसाळे वही ठेवा. तुमच्या घाटाचा हिशोब तुमच्याच वहीतून निघेल, दुसऱ्या कुणाचा चालणार नाही.

सांगलीकरांनी मात्र वरचं बघून खालचं विसरू नये. आयर्विन पुलाला ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथं पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैत ५४ च्या पुढं. कोयनेचा विसर्ग तेवढाच असून पाणी दर वेळी वेगळं चढतं, कारण हरिपूरला वारणा मिळते, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. सांगलीच्या खाली नदीला उतार फार कमी. चांदोली धरणातून वारणेला मोठं पाणी सुटलेलं असेल आणि पंचगंगाही भरलेली असेल, तर कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं चढत येतो. म्हणून चांदोलीचा विसर्ग, खालच्या राजापूर बंधाऱ्यावरून जाणारं पाणी आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची आवक-जावक हे तीन आकडे सांगलीत राहणाऱ्यानं रोज लिहावेत. अलमट्टीच्या फुगवट्यानं सांगलीला पूर येतो की नाही हा वाद जुना आहे, पण वाद घालायलाही आकडे हाताशी लागतात.

मग मोटार कधी काढायची? माझा नियम असा: सगळ्या धरणांच्या विसर्गाची बेरीज आदल्या दिवसाच्या दुप्पट झाली आणि नवजाचा पाऊस कमी झाला नाही, तर त्याच दुपारी. रात्रीवर ढकलायचं नाही. पाणी चढायला लागलं की मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानात चिखल होतो, ट्रॅक्टर खाली जात नाही, आणि अंधारात नदीकाठी माणूस उतरवायचा म्हणजे जिवाशी खेळ. आधी डीपीवरून लाईट बंद, फ्यूज काढून खिशात. मग स्टार्टरची पेटी सोडवून वर न्यायची, कारण ती भिजली की खर्च मोठा आणि ती उचलायला सोपी. मग फ्लँजचे नटबोल्ट. हे उन्हाळ्यातच एकदा ढिले करून ग्रीस लावून ठेवलेले असावेत. गंजलेला एक बोल्ट अडला की चार माणसं तासभर अडकतात. मोटार चेनब्लॉकला घेऊन वर, सक्शन पाईप दोरानं झाडाला बांधायचा. आणि ठेवायची कुठं, तर २०१९ ची खूण जिथं आहे तिच्याही वर. बांधावर आणून ठेवली म्हणजे काढली असं होत नाही.

पुराच्या दिवसांत ‘धरणाला तडे गेले’ हा निरोप एकदा तरी येतोच. तो पुढं पाठवू नका. कोयना भागात धक्के बसतात हे खरं आहे. पाणी अडवायला लागल्यावर १९६२ पासून ते जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दीडशेच्या वर माणसं गेली. धरणाला भेगा पडल्या, पण धरण उभं राहिलं. त्यानंतर त्याला मागून काँक्रीटचा भक्कम आधार देऊन मजबूत केलं. धक्का बसला तर जिल्हा प्रशासनाचं निवेदन बघा, तेवढं पुरे.

पूर ओसरला की मोटार परत बसवायची घाई होते. दरवाजे बंद झाले, विसर्ग पायथा वीजगृहापुरता उरला आणि नवजाचा पाऊस सलग उतरला, की मगच खाली न्या. ऑगस्टमध्ये पूर परत येऊ शकतो. तोवर फूटव्हॉल्व्हची जाळी धुऊन घ्या, गाळ बसलेला असतो. मोटार पाण्यात गेलीच असेल तर चालू करून बघू नका, आधी रिवायंडिंगवाल्याकडं न्या, तो वाळवून तपासून देईल.

आणि पत्रक बघणं ऑक्टोबरात सोडू नका. पावसाळा संपताना धरणात किती पाणी उरलं, यावर टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांची आवर्तनं आणि आपला मे महिना ठरतो. १०० टीएमसीच्या आत थांबलं असेल, तर उसाच्या नवीन लागणीचं क्षेत्र ठरवताना हात आखडता घ्या, आणि पाणीपुरवठा संस्थेच्या पहिल्याच बैठकीत हा आकडा मांडा.