एसईओवाल्यांच्या तोंडी आपलं काम कसं जाईल

गूगल शीट उघडा. एका खान्यात "पुऱ्या" हा शब्द नेहमीसारखा टाइप करा. शेजारच्या खान्यात एखाद्या जुन्या मजकुरातला "पुर्‍या" आणून चिकटवा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतील. आता दोन्हींपुढे शब्दातल्या खुणा मोजणारं लेन हे सूत्र लावा. एकीकडे ६ येतील, दुसरीकडे ७. पहिल्यात टिंबवाला ऱ आहे. दुसऱ्यात साधा र, त्याचा पाय मोडलेला, आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारी जोडखूण आहे. शीटच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. त्यामुळे कीवर्डच्या, म्हणजे लोक गूगलमध्ये शोधतात त्या शब्दांच्या, यादीत एकाच शोधाच्या दोन ओळी होतात, बेरीज फुटते आणि महत्त्वाचा शब्द यादीत खाली राहतो.

मी बारा वर्षं पुण्यात मराठी साइट्सचं एसईओ करते, म्हणजे त्या गूगलच्या निकालांत वर याव्यात यासाठी काम करते. ही दोन रूपं एकत्र करणारी छोटीशी शीट मी स्वतःच्या सोयीसाठी बनवली होती. आज मला कधीही न भेटलेली माणसं फोन करून "ती पुऱ्यांची शीट तुमचीच का?" असं विचारतात. जाहिरातीवर एक रुपया खर्च केला नाही. एसईओच्या लोकांसाठी टूल, अभ्यास, कोर्स असं काही बनवत असाल, तर ते तोंडोतोंडी कसं पसरतं ते मला जमलं तसं सांगते.

आधी या मंडळींचा स्वभाव ओळखा. दुसऱ्यांचं मार्केटिंग करणं हाच यांचा धंदा, त्यामुळे जाहिरातीचा वास यांना लांबूनच येतो. शिवाय यांनी पोळून घेतलेलं आहे. दुसऱ्या साइट्सवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक बघून गूगल साइटला वर चढवतं. २४ एप्रिल २०१२ला निकालांची क्रमवारी बदलणारं गूगलचं पेंग्विन अपडेट आलं आणि बनावट लिंकांच्या जोरावर वर बसलेल्या कितीतरी साइट्स खाली आल्या. नको त्या लिंकांच्या याद्या करून गूगलकडे पाठवण्यात अनेकांचे महिने गेले. "आमच्याबद्दल लिहा, लिंक द्या, पैसे देतो" असा निरोप यांना पाठवलात, तर तो वाचला जाईल आणि तुमचं नाव चुकीच्या कारणासाठी लक्षात राहील. पैसे देऊन लिंक घेतलीच, तर तिच्यावर स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो ही, गूगलला लिंकचा प्रकार सांगणारी, कोडमधली खूण हवी. ती आहे की नाही, हे हे लोक पानाचा सोर्स कोड उघडून बघतातच.

मग हे लोक दुसऱ्याला काय सांगतात? माझं उत्तर एकच आहे: ज्यानं सांगणाऱ्याची पत वाढते ते. नाशिकच्या एका एजन्सीतल्या मुलीनं माझी शीट आपल्या क्लायंटच्या यादीवर चालवली. फुटलेल्या ओळी जुळल्या आणि यादीच्या दुसऱ्या पानावर पडलेला एक शब्द पहिल्या पाचांत आला. मीटिंगमध्ये तिनं तो दाखवला आणि क्लायंटनं विचारलं, "हे आधी कुणी कसं सांगितलं नाही?" त्याच संध्याकाळी तिनं चार जणांना शीट पाठवली. तिनं माझी जाहिरात केली नाही, स्वतःला सापडलेली गोष्ट सांगितली. काहीही बनवताना हा प्रसंग डोळ्यांपुढे आणा: तुमची वस्तू वापरणारा माणूस क्लायंटपुढे बसला आहे. तिथं तो कोणतं एक वाक्य बोलेल? ते वाक्य तुम्हाला सुचत नसेल, तर वस्तू अजून तयार झालेली नाही.

दुसरी गोष्ट, पडताळता येईल असंच द्या. मी लेनचा प्रयोग सगळ्यात आधी दाखवते, कारण तो अर्ध्या मिनिटात होतो आणि माझ्यावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही. मे २०२४मध्ये गूगल सर्चची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. रँड फिशकिन आणि माइक किंग या एसईओतल्या जाणकारांनी त्यांवर लिहिलं आणि जगभरचे एसईओवाले तुटून पडले. त्यांत १४,०१४ गुणधर्मांची नोंद होती आणि कुणालाही ती उघडून स्वतः वाचता येत होती. जो तो आपल्याला सापडलेली ओळ दुसऱ्याला दाखवत होता. तुमचा अभ्यास असेल, तर नुसता आलेख देऊ नका, त्यामागची कच्ची आकडेवारीही द्या. कुणी त्यात चूक काढली, तर त्या माणसाचे आभार माना आणि त्याची परवानगी घेऊन त्याचं नाव दुरुस्तीपुढे लिहा. माझ्या शीटला सगळ्यात जास्त माणसं जोडून दिली ती अशाच एका चूक काढणाऱ्यानं.

नाव आणि माप बोलता येईल असं हवं. एसईओची टूल्स बनवणाऱ्या मोझ या कंपनीनं २०१२मध्ये मोझकास्ट सुरू केलं. गूगलचे निकाल रोज किती हलले, हे ते हवामानासारखं सांगतं: सुमारे ७० अंश फॅरनहाइट म्हणजे नेहमीचा दिवस, पारा वर गेला की उलथापालथ. चहा पिता पिता "आज गूगल तापलंय" असं म्हणता येतं, हीच त्याची ताकद. निकालांतला फरक टक्क्यांत सांगितला असता, तर तो कुणाच्या तोंडी बसला नसता. माझ्या शीटचं मूळ नाव लांबलचक होतं. लोकांनी "पुऱ्यांची शीट" म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मी हट्ट सोडला आणि तेच नाव वर लिहिलं.

फुकट किती द्यायचं? यासाठी साइटमधल्या चुका शोधणाऱ्या स्क्रीमिंग फ्रॉग या सॉफ्टवेअरकडे बघा. त्याची मोफत आवृत्ती ५०० यूआरएलपर्यंत, म्हणजे पानांच्या ५०० पत्त्यांपर्यंत, साइट तपासते. छोट्या दुकानाची साइट त्यात पूर्ण बसते. नवीन आलेल्या मुलाला सीनियर पहिल्याच दिवशी ते टाकायला सांगतो, कारण पैसे मागायची वेळच येत नाही. मोठी साइट हातात आली की लायसन्स घ्यावं लागतं. फुकटात एक काम पूर्ण झालं पाहिजे. अर्ध्यावर अडवून ईमेल मागाल, तर सांगणाराच तोंडघशी पडतो.

आता पहिली माणसं. इथं मी चूक केली होती. पहिल्यांदा मी एकच निरोप साठेक ओळखीच्यांना एकदम पाठवला. दोघांनी अंगठा दाखवला, बाकी शांत. दुसऱ्यांदा मी मराठी मजकुराशी रोज झगडणारे पाचच जण निवडले, प्रत्येकाला फोन केला आणि म्हटलं, "तुमची एक खरी यादी यात टाका आणि कुठं तुटतं ते मला सांगा." लिंक मागितली नाही, शेअर करा म्हटलं नाही. काय तुटलं ते त्यांनी सांगितलं, मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून दिलं, आणि मग ते आपणहून बोलू लागले.

मराठीत काम करणाऱ्यांना अजून एक सांगते. लिंकमध्ये देवनागरी ठेवली, तर कॉपी करताना तिचं बऱ्याचदा मातेरं होतं. "मराठी" या शब्दात पाच खुणा आहेत. प्रत्येकीचे तीन बाइट आणि कॉपी केल्यावर प्रत्येक बाइटची टक्क्याच्या चिन्हासकट तीन चिन्हं, म्हणजे एका शब्दाची ४५ चिन्हं होतात. व्हॉट्सॲपवर टक्क्यांच्या चिन्हांची अशी लांब माळ आली, की माणूस ती पुढं पाठवायला कचरतो. पत्ता छोटा ठेवा आणि प्रीव्ह्यूमध्ये दिसणारं शीर्षक व चित्र स्वतः ठरवून द्या. हे चित्र फोनच्या छोट्या स्क्रीनवर वाचता येतं का, ते स्वतःला पाठवून बघा.

चालू विषयात उडी मारावी का, असं मला बरेच जण विचारतात. मी क्वचितच मारते. अपडेट आलं की सगळेच बोलतात आणि त्या गलक्यात नवीन आवाज ऐकू येत नाही.

आणि वर्तुळाबाहेरची माणसं विसरू नका. २००४मध्ये सर्चगिल्ड आणि डार्कब्लू या साइट्सनी "निग्रिट्यूड अल्ट्रामरीन" या निरर्थक शब्दांवर गूगलमध्ये वर येण्याची स्पर्धा ठेवली होती. सगळे कसलेले खेळाडू आपापल्या युक्त्या घेऊन उतरले. शेवटच्या फेरीचं बक्षीस नेलं अनिल डॅश या ब्लॉगरनं. त्यानं वर्षानुवर्षं लिहून जोडलेल्या वाचकांना सरळ सांगितलं, मला लिंक द्या, आणि त्यांनी दिली.

मोजायचं कसं? व्हॉट्सॲपवरून आलेली माणसं ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवर आलेल्यांच्या हिशेबात, बहुतेकदा डायरेक्टमध्ये, म्हणजे थेट आलेल्यांत, जाऊन बसतात, त्यामुळे त्या आकड्यावर फार विसंबू नका. मी दर सोमवारी सर्च कन्सोल या गूगलच्या टूलमध्ये शीटच्या नावानं किती शोध झाले ते बघते, आणि फिल्टरमध्ये नाव दोन्ही रूपांत घालते, सहा खुणांचं आणि सात खुणांचं. शेजारी एक वही असते. नवीन माणसाचा फोन आला, की "तुम्हाला कुणी सांगितलं?" हे विचारून ते नाव वहीत लिहिते, आणि सांगणाऱ्याला त्याच दिवशी फोन करते.